धुळ्याला गेलेला शिक्का

शिक्का धुळ्याला गेला त्याला अखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या दिवशी नऊ दिवस पूर्ण झाले. तो खरोखर धुळ्याला गेलाय यावर जळगावच्या कडेच्या मेहरूणातल्या एकाही माणसाचा विश्वास नव्हता. तरी जो तो विचारत होता. चक्कीवर दळण नेता नेता विचारत होता, तळ्यावर म्हशी धुता धुता विचारत होता, "नाना, आला का हो शिक्का?" आणि सुकदेव नाना, तळ्याकाठच्या पालिकेच्या शाळेचे मुख्याध्यापक, डोक्यावरची टोपी नीट करून प्रत्येकाला तेच सांगत होते, "रबर झिजलं होतं. नवीन बसवायला दिलंय. येईल दोन-चार दिवसांत."

शिक्क्याशिवाय शाळा सोडल्याचा दाखला निघत नाही, आणि दाखल्याशिवाय दुसरी शाळा पोराला दारात उभं करत नाही. निकाल लागला त्याच्या दुसऱ्याच दिवशी सहावी पास झालेल्या एकतीस पोरांपैकी अकरा जणांनी दाखले नेले. उरली वीस. सातवीचा वर्ग चालायला पटावर निदान वीस पोरं लागतात. एकोणीस झाली की वर्ग बंद. म्हणून तिसऱ्या दिवशी सकाळी शिक्का धुळ्याला गेला.

हे गणित गल्लीतल्या शेंबड्या पोरालासुद्धा कळत होतं. नानांच्या सहावीतल्या पुतणीला, सिंधूला तर कळतच होतं, कारण फेब्रुवारीपासून सहावीला गणित तीच शिकवत होती.

गंमत नाही, खरंच. गणिताचे गुरुजी दिवाळीत निवृत्त झाले, त्यांच्या जागी कुणी आलं नाही. इंग्रजीच्या बाई त्याच्याही आधी बदलून गेल्या, त्यांच्या जागीही कुणी आलं नाही. पाचवी, सहावी, सातवी हे तिन्ही वर्ग एका लांबलचक खोलीत आणि समोर एकटे नाना. फेब्रुवारीत त्यांचा घसाच बसला. त्यांनी खडू सिंधूच्या हातात दिला आणि खुणेनं सांगितलं, चल, घाल फळ्यावर दहा गणितं. पहिल्या दिवशी ती फळ्याकडे तोंड करूनच पुटपुटली. तिसऱ्या दिवशी मागच्या बाकावरचा दांडगोबा तिच्या एका हाकेत गप्प बसला, आणि त्या दुपारी सिंधूला शोध लागला की आपल्याला आवाज आहे. चांगला खणखणीत. एवढी तेरा वर्षं तो होता कुठं कोण जाणे, पण एकदा सापडल्यावर तिनं तो परत ठेवून दिला नाही. आता ती घरात बोलायची, नळावर बोलायची, भाजीवाल्याशी भावावरून बोलायची. तिची आई कमलबाई म्हणायची, "या पोरीला कुणीतरी फळ्यासमोरून खाली उतरवा."

अखाजीच्या सकाळी ती परसातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर उभी होती, आणि समोर, तिच्या पावलांत पावलं अडकवून, भिकुबाई आत्या. आत्या म्हणजे नानांची आणि सिंधूच्या वडिलांची थोरली बहीण. सोनगीरला दिलेली. साठीला टेकली तरी अखाजीला माहेरी आली की पदर खोचून झोक्यावर उभी राहणारच. तिला सगळे अक्का म्हणत आणि सगळे टरकून असत.

"हळू बोल," आत्या आपल्या अहिराणीत म्हणाली. "तू झोकावर शे का फळासमोर शे? बठ्ठी गल्लीले ऐकू जाई ऱ्हायनं."

सिंधूनं आवाज निम्मा केला. निम्मा म्हणजे अजूनही पुष्कळच. "आत्या, गावातल्या मोठ्या शाळेनं सातवीसाठी परीक्षा घेतली होती. मी दिली. आईनं नेलं होतं मला, पापडाचं सामान आणायच्या नावाखाली. शनिवारी यादी लागली. आईनं जाऊन माझं तेवढं नाव बघितलं, आहे त्यात."

"कितलावा नंबर उना?"

"एकोणचाळिसावा."

"कितलास्मा?"

"चाळिसांत."

आत्यानं पाय टेकवून झोका थांबवला. "आनि तरी हासी ऱ्हायनी तू?"

"मग काय करू? आत्या, इथं मी दरवर्षी पहिली येते. येणारच. पेपरात काय येणार ते मला आधीपासून माहीत असतं, फळ्यावर मीच लिहिलेलं असतं ना. तिथं इंग्रजीच्या पेपरात मला माझं नाव लिहिता आलं आणि जळगाव लिहिता आलं. खाली पानभर काय काय विचारलं होतं, देव जाणे. म्हणजे तिथं अडतीस जण असे आहेत ज्यांना माझ्यापेक्षा जास्त येतं. अडतीस, आत्या. मी रोज एकेकाच्या शेजारी बसले तरी महिनाभर नवीन काहीतरी मिळेल."

आत्या तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं जोरात रेटा दिला आणि झोका वर, निंबाच्या कवळ्या पानांत घुसला.

"दाखला कव्हय लागस?"

"परवापर्यंत. नाहीतर यादीतल्या पुढच्याला जागा देणार."

"आनि शिक्का धुळाले."

"हो," सिंधू म्हणाली, आणि दोघी इतक्या हसल्या की फांदी कुरकुरली.

जेवायला नाना, अभिमन आणि आत्या अशी पहिली पंगत बसली. सणाला माहेरी आलेल्या बहिणीनं भावांच्या बरोबरीनं पाटावर बसायचं, हा या घरातला रिवाज. सुंदरबाई, म्हणजे नानांची बायको, सिंधूची मोठीआई, खापरावरून पुरणाचे मांडे उतरवत होती, कमलबाई वाढत होती आणि सिंधू रसाचं पातेलं घेऊन उभी होती. अभिमन भाऊ, तिचे वडील, खाली मान घालून जेवत होते. नानांसमोर ते नेहमीच खाली मान घालून जेवत. त्यांना नानांनीच लहानाचं मोठं केलं होतं, सूतगिरणीत चिकटवलं होतं, लग्नही नानांनीच लावलं होतं. नानांचा शब्द अभिमन भाऊंनी मोडल्याचं कुणाच्याही आठवणीत नव्हतं.

आत्यानं पहिली वाटी रस संपवला, तोंड पुसलं आणि सहज विचारावं तसं विचारलं.

"भाऊ, धुळाले कोनता दुकानमा दिधा तू शिक्का? आम्हे सोनगीरना मानसे, आठ दिनमा दोनदाव धुळाले जातस. माले निरोप धाडता ते येता येता मीच लई येती."

कमलबाईचा वाढता हात थबकला. खापराजवळ सुंदरबाईनं पदराआड तोंड नेलं.

"आहे एक," नाना म्हणाले. "आग्रा रोडला."

"दुकानले नाव नही का?"

"अक्का, जेव ना. मांडा गार होतोय."

"मांडा गार व्हयना ते व्हऊ दे. माले सांग, आंडेरले, ह्या पोरगीले, शिकाडनं शे का पट भरना शे तुले?"

आता कुणालाच काही कळलं नाही असं म्हणायची सोय उरली नाही. नानांनी हात ताटात ठेवला आणि आधी अक्काकडे, मग पातेलं धरून उभ्या असलेल्या सिंधूकडे, मग कमलबाईकडे बघितलं. ते चिडले असते तर बरं झालं असतं. ते फक्त म्हणाले, "पापडाचं सामान."

कमलबाई रंगानं गोरी होती, ती कानापर्यंत लाल झाली. पण बोलली. "हो नाना. सामानही आणलं. आणि परीक्षाही दिली तिनं."

"अभिमन, तुला माहीत होतं?"

अभिमन भाऊंनी मान वर केली नाही. "शनिवारी कळलं. मी दोघींना रागावलो, नाना. सांगितलं, नानांच्या शाळेतून आपल्या घरचं पोर निघालं तर गल्लीत काय राहील? बाकीच्यांना कोणत्या तोंडानं थांबवणार ते?"

"बरोबर बोलला," नाना म्हणाले, आणि सिंधूच्या हातातलं पातेलं एकदम जड झालं. "एकतीस पोरं होती. घरोघर जाऊन गोळा केली होती मी. उन्हातान्हात ओट्याओट्यावर बसून. हा वर्ग माझ्या हातानं उघडला आहे. तेव्हा या सगळ्या वस्तीत चौथीच्या पुढं पोरगी शिकत नव्हती. आता त्याच वस्तीतले लोक मला सांगतात, शाळेत शिकवायला कुणी नाही. मी आहे ना."

"तुम्ही आहात," सुंदरबाई म्हणाली.

ती खापरापासून उठली नव्हती. मांडा हातावर फिरवत होती, तो मोठा मोठा होत चालला होता आणि तिचं लक्ष त्यातच आहे असं वाटत होतं. तीस वर्षांच्या संसारात पाहुण्यांसमोर नवऱ्याला एका शब्दानं न अडवलेली बाई.

"तुम्ही तेव्हाही होता. आपली बेबी सातवीला होती तेव्हा. तेव्हाही इंग्रजीला कुणी नव्हतं. मी म्हटलं होतं, तिला गावात घालू. तुम्ही म्हणालात, मुख्याध्यापकाची मुलगी गेली तर बाकीचे काय म्हणतील. ती गेली नाही. दहावीला इंग्रजीत दोनदा बसली. तिसऱ्यांदा फॉर्म भरते म्हणाली तर आपण तिला धरणगावला देऊन टाकली." तिनं मांडा खापरावर टाकला. "तिचं काही वाईट चाललेलं नाही. पण तिच्या पोराची पुस्तकं आली की ती इंग्रजीचं पुस्तक सासऱ्याकडं देते आणि भांडी घासायला जाते. मला सांगितलंय तिनं."

अभिमन भाऊंनी पहिल्यांदाच मान वर केली आणि भावजयीकडे बघितलं. बेबी त्यांची लाडकी पुतणी. त्यांनी तिला सायकलच्या दांडीवर बसवून अख्खं मेहरूण फिरवलं होतं.

नानांनी उरलेला मांडा नीट संपवला, कारण ताटात अन्न टाकायचं नाही हे त्यांनी हजार पोरांना शिकवलं होतं. हात धुऊन ते बाहेर ओट्यावर गेले.

"झालं," कमलबाई कुजबुजली. "आता दोन दिवस बोलायचे नाहीत ते. आणि परवा तर शेवटची तारीख."

"मी बोलते," सिंधू म्हणाली.

"तू अजिबात बोलायचं नाहीस. आधी जेव."

सिंधू जेवली. पण कशी जेवली विचारू नका. चार मांडे आणि दोन वाट्या रस, आणि सगळं लक्ष दाराबाहेर.

बाहेर झिपरू आला होता.

झिपरू त्यांचा सालदार. तळ्यापलीकडच्या बोरीच्या मळ्यात अकरा वर्षं राबणारा. खानदेशात साल अखाजीला संपतं आणि अखाजीलाच नवं लागतं. त्या दिवशी सालदारानं घरी यायचं, जेवायचं, आणि मग मालकानं चार माणसांत त्याला विचारायचं, बाबा, राहतोस का जातोस? न विचारता कुणाला धरून ठेवायचं नाही. राहतो म्हणाला तर धोतरजोडा द्यायचा. जातो म्हणाला तरी धोतरजोडा द्यायचा, तोंड गोड करायचं आणि मनात काही न ठेवता वाटेला लावायचं. नाना शाळामास्तर खरे, पण घरातले थोरले, म्हणून मळ्याच्या सालाचं तेच विचारत. अकरा वर्षं झिपरू "राहतो" म्हणत आला होता, इतका की विचारणं आणि सांगणं पानसुपारीसारखं होऊन गेलं होतं.

सगळे ओट्यावर आले. सतरंजी घातलेली. नानांनी धोतरजोडा पुढं ठेवला आणि विचारलं, "काय झिपरू, राहतोस का जातोस?"

झिपरूनं पायरीवर बसल्या बसल्या हात जोडले. "ऱ्हासू नाना. कथा जासू? पन यंदा धोतरजोडा नको माले."

"का रे? मागचा फाटला नाही?"

"फाटना शे. पन दुसरं काय जोयजे." त्यानं एकदा दाराशी उभ्या असलेल्या सिंधूकडे बघितलं आणि नजर खाली घातली. "मनी पोर तानूना दाखला द्या. नऊ दिन व्हयनात, मी रोज शाळाना दरवाजालोंग येस आनि परत जास. तुमले तोंडवर मागाले लाज वाटस. आज तुम्हीच इचारं म्हनीसन बोलनू. परीक्षामा नाव उनं तिनं. एकतीसावा नंबर."

"एकतीसावा?" हे सिंधूच्या तोंडून निघालं. तानू तिच्याच बाकावर बसणारी, तिनंच तिला अपूर्णांक शिकवलेले. "तानूनं मला सांगितलंसुद्धा नाही. मला वाटलं ती पेपरात नुसती बसलीय."

"तुले वाईट वाटी म्हनी नही सांगं तिनी," झिपरू म्हणाला. "तिना मामा धुळाले ऱ्हास, तो सुटीमा इंग्रजी शिकाडस."

आत्या खो खो हसली. "धुळाले शिक्का बी जास आनि धुळातून इंग्रजी बी येस."

नाना हसले नाहीत. ते धोतरजोड्याकडे बघत होते. सालदाराला आपण विचारलंय, त्यानं मागितलंय. आता नाही म्हणायचं म्हणजे या ओट्यावर कुणी कधी न केलेली गोष्ट करायची. आणि हो म्हणायचं म्हणजे पटावर एकोणीस.

सिंधूला तिथं उभ्या उभ्या ते सुचलं. ती दारातून निघाली, सगळ्यांच्या मधून चालत गेली आणि झिपरूच्या शेजारी, खालच्या पायरीवर, मांडी घालून बसली.

"नाना, माझंही विचारा."

"काय?"

"सालाचं. राहतेस का जातेस, ते."

"सिंधे, ऊठ तिथून," अभिमन भाऊ म्हणाले.

"बसू द्या तिला," कमलबाई म्हणाली. नवऱ्याला ती असं बोलली आणि स्वतःच चकित झाली.

"तू काय सालदार आहेस का माझी?" नानांनी विचारलं.

"नाही. पण सालदाराला तुम्ही दरवर्षी विचारता. मला सहा वर्षांत एकदाही नाही विचारलं."

आत्यानं मांडीवर थाप मारली. "इचार भाऊ. अखाजी शे आज. जो पायरीवर बठस त्याले इचारनंच पडस."

नानांनी चष्मा काढला. धोतराच्या सोग्यानं पुसला. परत घातला. वर्गात एखाद्या पोरानं अवघड प्रश्न विचारला की ते असंच करत. मग अगदी झिपरूला विचारलं त्याच आवाजात त्यांनी विचारलं, "बोल. राहतेस का जातेस?"

"जाते, नाना."

एवढा खणखणीत आवाज, पण तो त्या दोन शब्दांवर मध्येच चिरकला. सिंधूला स्वतःचाच राग आला.

"का जातेस तेही सांग. झिपरूनं सांगितलं."

मोठी शाळा, प्रयोगशाळा, तिथलं ग्रंथालय, अडतीस जण, असं पुष्कळ तिनं झोक्यावर पाठ करून ठेवलं होतं. त्यातलं एकही आलं नाही. आलं ते भलतंच.

"मार्चमध्ये दशांशाचा भागाकार आला ना, तेव्हा मी अडले. मलाच येत नव्हता. तुम्ही सातवीवाल्यांकडे होता, घसा बसलेला, तुम्हाला विचारायला नको वाटलं. मी फळ्यावर गणित अर्धं सोडलं आणि पोरांना सांगितलं, हे परीक्षेत येत नाही. सगळ्यांनी वहीत फुली मारली. मग परीक्षेत आलं. सात मार्कांना. कुणालाच नाही आलं, मलाही नाही. कुणी मला काही बोललं नाही, नाना. त्यांना वाटतं बाईंकडून चूक झाली. बाई म्हणजे मी." ती थांबली. "मला शिकवायला आवडतं. खूप आवडतं. पण मी सहावीतली आहे. मला अजून शिकायचंय."

झिपरू आपल्या पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. अभिमन भाऊ उठले आणि, आयुष्यात पहिल्यांदा, नानांच्या सतरंजीवरून उतरून लेकीच्या पायरीशी येऊन उभे राहिले. तेवढं उभं राहणंही त्यांना फार झालं असावं, कारण त्यांचे कान लाल झाले होते.

"सुंदरे," नानांनी हाक मारली. "कपाटातून दाखल्याचं पुस्तक आण. आणि पटाचं रजिस्टर."

"आणि शिक्का?" आत्यानं विचारलं.

नानांनी बंडीच्या आतल्या खिशात हात घातला आणि रुमालात गुंडाळलेला शिक्का काढून सतरंजीवर ठेवला. नऊ दिवस तो त्यांच्या अंगावरच होता. जेवताना, झोपताना, तळ्यावर फिरायला जाताना.

"नवं रबर छान बसवलंय," आत्या म्हणाली, शुद्ध पुस्तकी बोलीत, आणि या वेळी नानांच्याही मिशा हलल्या.

दाखला लिहायला नानांना दहा मिनिटं लागली. त्यांचं अक्षर मोत्यासारखं, घाई त्यांना जमतच नसे. लिहून झाल्यावर त्यांनी पुस्तक सिंधूकडे वळवलं. "वाच. मोठ्यानं वाच. दाखल्यात चूक राहिली तर जन्मभर राहते."

सिंधू उभी राहून वाचू लागली. विद्यार्थिनीचे संपूर्ण नाव. आईचे नाव. जन्मतारीख, अंकी, अक्षरी. प्रगती: उत्तम. वर्तणूक: उत्तम. "शाळा सोडण्याचे कारण," तिनं वाचलं आणि पुढं वाचेना. आधीच्या अकरा दाखल्यांवर त्या रकान्यात 'पालकांची इच्छा' लिहिलेलं तिनं स्वतः पाहिलं होतं.

"वाच की."

"शाळा सोडण्याचे कारण: इयत्ता पाचवी ते सातवीस इंग्रजी व गणित शिकविण्यास शिक्षक नाहीत."

अभिमन भाऊ पुढं झाले. "नाना, हे असं कागदावर? वरून विचारतील तुम्हाला."

"तीन अर्ज केलेत मी, अभिमन. एकाचंही उत्तर आलं नाही. अर्ज फायलीत जातो आणि फाईल कुठं जाते माहीत नाही. दाखला मात्र नव्या शाळेच्या दप्तरात जन्मभर राहतो. कुणीतरी कधीतरी वाचेल."

"आणि वर्ग? बंद होईल सातवीचा."

उत्तर सुंदरबाईनं दिलं. "वरचे वर्ग गेले तरी चौथीपर्यंत राहील ना शाळा. चौथी तुम्ही फार छान शिकवता. बेबीचा चौथीपर्यंत पहिला नंबर होता."

नानांनी बायकोकडे बघितलं. मग शिक्का शाईच्या गादीवर टेकवून सिंधूच्या दाखल्यावर दाबला, अंगठ्यानं चारी कोपरे दाबले, आणि उचलला. जांभळा, गोल, स्पष्ट.

मग त्यांनी पटाचं रजिस्टर उघडलं आणि खिशातून लाल पेन काढलं. शाळा सोडली की पटावरच्या नावावर लाल रेघ येते. ती मुख्याध्यापकानं मारायची असते. नानांनी पेन सिंधूसमोर धरलं.

"मी?"

"वर्ग तू शिकवलास. तूच मार."

तिनं रजिस्टर मांडीवर घेतलं. पट्टी नव्हती. तिनं दाखल्याच्या पुस्तकाची कड धरली आणि स्वतःच्या नावावरून डावीकडून उजवीकडे रेघ ओढली. रेघ सरळ आली. खाली सतरावं नाव तानूचं होतं.

"तिची तिनंच मारावी," नाना म्हणाले. "झिपरू, पोरगी कुठंय?"

"मळामा. बोरीखाले बठेल शे. काय व्हई काय नही, म्हनी उनीच नही."

"तिला बोलवा. आणि बाकीच्या अठरा जणांचंही बघावं लागेल आता. त्यांना दाखले मागायला दारात यायला लागू नये. उद्यापासून मीच एकेकाच्या बापाला घेऊन गावातल्या शाळांत जातो. गोळा करताना घरोघर गेलो होतो, सोडतानाही जाईन." त्यांनी टोपी डोक्यावर सारखी केली. "आधी तानूला बोलवा."

कोण जाणार, असं कुणी विचारायच्या आत सिंधू ओट्यावरून उडी मारून गल्लीत पोचली होती. वैशाखाची दुपार, धूळ नुसती भाजत होती, पायात काही नाही. कमलबाई मागून ओरडली, चप्पल घाल गं. कोण घालतंय. ती एका सावलीवरून दुसऱ्या सावलीवर पळत सुटली, दाखला डोक्यावर धरून, आणि तळ्याच्या वळणापर्यंत दम धरवेना म्हणून गल्लीतूनच, फेब्रुवारीत सापडलेल्या त्या सगळ्या आवाजानिशी, तिनं हाक मारली.

"तानू, चल लवकर. शिक्का आला."

दुपारच्या झोपेला पांगलेली गल्ली. आधी चक्कीवाल्याचं दार उघडलं. मग त्याच्या शेजारचं. मग समोरच्या माडीवरून कुणीतरी डोकावून विचारलं, काय आला म्हणाली? आणि सिंधू वळणावर पोचली तोवर मागं एकामागून एक कड्या निघत होत्या, माणसं बंडीत हात घालत, टोप्या शोधत, पोरांना बखोटीला धरून नानांच्या ओट्याकडे निघाली होती.